कागदावर ६३,६०० ब्रास

माझ्याकडे तपासणीला आलेली दगडखाणीच्या परवानगीची फाइल वरवर पाहता पूर्ण होती. सातबारा, मोजणीची 'क' प्रत, ग्रामपंचायतीचा ठराव, खाणकाम आराखडा, सगळं क्रमाने टॅगला लावलेलं. क्षेत्र एक हेक्टर, गौण खनिज काळा दगड, प्रस्तावित खोली १८ मीटर. आराखड्याच्या शेवटच्या पानावर एकूण साठा लिहिला होता, ६३,६०० ब्रास.

मी त्या आकड्यापाशीच अडलो. १०,००० चौरस मीटर गुणिले १८ म्हणजे १,८०,००० घनमीटर, आणि एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, त्याने भागलं की तोच आकडा येतो. आराखडा करणाऱ्याने हद्दीपासून हद्दीपर्यंत सरळ उभा खड्डा धरला होता. तशी खाण काढू देता येत नाही. हद्दीलगत ७.५ मीटरचा पट्टा सोडावाच लागतो, म्हणजे १०० × १०० चा तुकडा ८५ × ८५ वर येतो. पट्टा ऐकायला अरुंद वाटतो, पण एवढ्याशा क्षेत्रात त्यानेच २८ टक्के जागा जाते. पुढे मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्स, १९६१ प्रमाणे कठीण खडकात बेंच, म्हणजे खाणीत उतरणारी पायरी, ६ मीटरपेक्षा उंच नको आणि त्याची रुंदी उंचीपेक्षा कमी नको. म्हणून दुसरा बेंच ७३ × ७३ आणि तिसरा ६१ × ६१. तिन्हींची बेरीज ९७,६५० घनमीटर, म्हणजे सुमारे ३४,५०० ब्रास. टेबलावर बसूनच साठा जवळपास निम्मा झाला. बाकीचं जागेवर गेल्याशिवाय कळणार नव्हतं, म्हणून मे महिन्यात स्थळपाहणी लावली.

तलाठी भाऊसाहेब, भूमी अभिलेखचा भूकरमापक, टोटल स्टेशन हे अंतर-पातळी मोजायचं यंत्र घेतलेला सर्व्हेयर आणि अर्जदार असे आम्ही सकाळी सातलाच टेकडीवर होतो. दहानंतर तापलेल्या खडकावरून हवा थरथरते आणि लांबचं प्रिझम नीट पकडता येत नाही. पहिलं काम तळखुणेचं, म्हणजे सगळ्या पातळ्या जिच्यापासून मोजायच्या त्या कायम खुणेचं. मारुतीच्या देवळाच्या दगडी ओट्याचा एक कोपरा निवडला, ऑइलपेंटने त्यावर लाल फुली काढली आणि तिची पातळी १००.०० धरली. तळखूण खाणपट्ट्याच्या आत कधीच घेऊ नये. पहिल्या सुरुंगातच ती जाते, आणि पाच वर्षांनी किती खोदलं हे ठरवताना हातात काहीच उरत नाही. दंडाची कितीतरी प्रकरणं एवढ्या एका कारणाने अपिलात पडतात: सुरुवातीची पातळी कुणी नोंदवलेलीच नसते.

टेकडीची सरासरी पातळी १०४ आली. चारही हद्दीचे दगड 'क' प्रतीशी जुळले. ईशान्य कोपऱ्यात, हद्दीपासून ९ मीटर आत, एक खड्डा होता. २२ मीटर लांब, १४ रुंद, साडेचार खोल. आराखड्याच्या नकाशात तो नव्हता.

"जुनी खाण आहे साहेब, आजोबांच्या काळातली. गावातली घरं हिच्याच दगडाची," अर्जदार म्हणाले.

ते खरंच होतं, पण तीन मीटरपर्यंतच. खड्ड्याच्या भिंतीचा वरचा भाग तांबूस-करडा पडला होता, फटींत पिंपळाची रोपं होती आणि दगडाच्या कडेला ओळीने पाचरांच्या खाचा होत्या. छिन्नीने खाच पाडून, त्यात पाचर ठोकून घणाने दगड फोडायची ही वडारांची पद्धत. खालच्या दीड मीटरचा रंग मात्र निळसर काळा, कडा बोट कापेल अशा धारदार, आणि भिंतीवर उभ्या अर्धगोल नळ्या. जॅकहॅमरने पाडलेल्या भोकातून सुरुंग उडाला की अर्धं भोक असंच मागे राहतं. एका नळीत अंगठा बसवून पाहिला, बत्तीस-चौतीस मिलिमीटरचा व्यास. काम फार तर वर्ष-दोन वर्षांचं.

खालच्या भागाचा हिशेब ४६२ घनमीटर, म्हणजे १६३ ब्रास. ब्रासला ६०० रुपये दराने नुसती रॉयल्टीच ९७,८०० रुपये होते. त्याचा पंचनामा वेगळा केला आणि परवानगीच्या फाइलीत तो मिसळू दिला नाही. विनापरवाना उत्खनन हा महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) चा विषय, त्याची नोटीस आणि सुनावणी तहसीलदारांकडे. बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, त्यामुळे कुणी खोदलं हे शोधताना घाई चालत नाही. पंचनाम्यात वरचा भाग आणि खालचा भाग अशी दोन मापं लिहिली, पट्टी धरून फोटो काढले. एकच माप लिहिलं असतं तर आजोबांच्या काळातल्या दगडाचा दंड नातवावर बसला असता.

क्लस्टरचं काम, म्हणजे जवळच्या खाणींचं क्षेत्र एकत्र धरून पाहणं, लवकर आटोपलं. अर्जात लिहिलं होतं की ५०० मीटरच्या आत दुसरी खाण नाही. त्यांनी अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं होतं. ते हद्दीपासून हद्दीपर्यंत मोजायचं असतं. तसं मोजल्यावर दोन खाणी आत आल्या. तिघांचं मिळून क्षेत्र ४.६ हेक्टर भरलं, पाचच्या आत. त्यामुळे पर्यावरण मंजुरीचा प्रवर्ग बदलला नाही, दाखला तेवढा दुरुस्त करून मागवला.

खरा वेळ गेला तो विहिरीपाशी. टेकडीच्या पायथ्याला, हद्दीपासून १८० मीटरवर बांधीव विहीर आहे. तिच्या मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. आम्ही टेप सोडायला लागलो तशा जवळ आल्या.

"आजी, उन्हाळ्यात आटते का?"

"तळाला जातंय, पण आटत न्हाई. झरा टेकडीकडनं येतोय. त्या तांबड्या पट्ट्यावरनं."

विहिरीच्या टेकडीकडच्या भिंतीत हातभर जाडीचा विटकरी रंगाचा थर स्पष्ट दिसत होता. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधली ही भाजकी माती. तिच्यातून पाणी सहज खाली उतरत नाही. वरच्या प्रवाहाच्या तळाशी फटी आणि सच्छिद्र मांजऱ्या दगड असतो, त्यात मुरलेलं पाणी या थरावर अडतं आणि आडवं वाहत येऊन झरा होतो. थराच्या लगेच वर भिंत मे महिन्यातही ओलसर होती, तिथे शेवाळाची हिरवी ओळ होती.

विहिरीच्या काठाची पातळी ९७.४० आली. त्या दिवशीचं पाणी काठापासून ८.९ मीटर खाली, म्हणजे ८८.५०. तांबड्या थराचा माथा ६.६ मीटरवर, म्हणजे ९०.८०. पावसाळ्यातल्या पाण्याची पांढरट रेघ ५.८ मीटरवर, म्हणजे ९१.६०. आपल्याकडचे लाव्हाप्रवाह जवळपास आडवे असतात, त्यामुळे हाच थर टेकडीखालीही साधारण त्याच पातळीला असणार, असं धरूनच निर्णय घ्यावा लागतो. १८ मीटर खोदलं तर खाणीचा तळ ८६ वर जातो. थर फुटतो, त्यावरून येणारं पाणी खाणीत उतरतं, आणि ते पंपाने उपसलं की झरा विहिरीपर्यंत पोचतच नाही. खाणवाल्याला तिसऱ्या बेंचमधून ७,९०० ब्रासच्या आसपास दगड मिळाला असता. त्यापायी एका कुटुंबाचं बारमाही पाणी घालवायला कुठलाही नियम सांगत नाही. पण फाइलीत विहिरीचा उल्लेख नसेल, तर ते थांबवतही नाही.

म्हणून मी टिपणीत दोनच बेंच सुचवले. १२ मीटर खोली, तळ ९२.०० च्या खाली नको. थराच्या वर जेमतेम सव्वा मीटर खडक राहतो, म्हणून दुसऱ्या बेंचच्या शेवटच्या फेरीत भोकं ९२.०० च्या खाली नेऊ नयेत अशी अट घातली; एरवी दगड तळाशी नीट सुटावा म्हणून भोक थोडं जास्त खोल मारायची सवय असते. दोन बेंचचे ७५,३२४ घनमीटर, त्यातून जुन्या खड्ड्याचे १,३८६ वजा, आणि वरचा दीड मीटर मुरूम वेगळा धरला. दगड उरला ६३,५६० घनमीटर, म्हणजे सुमारे २२,४६० ब्रास.

टिपणीत मी घनमीटर आधी लिहिले आणि पुढे 'जागेवरचे, न फोडलेले' असे शब्द घातले. फोडलेला दगड जवळपास दीडपट जागा घेतो. डंपरमध्ये मोजतात तो सुटा ब्रास, खड्ड्यात मोजतात तो घट्ट ब्रास. आदेशात नुसतं 'ब्रास' राहिलं की वाहतूक पास आणि ईटीएस (टोटल स्टेशनची) मोजणी यांचा मेळ कधीच बसत नाही, आणि दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा ब्रास धरून भांडत राहतात.

अर्जदार नाराज होते. क्रशरचं कर्ज ६३,६०० ब्रास धरून ठरवलं होतं, असं ते म्हणाले. मी त्यांना देवळाच्या ओट्यापाशी बसवून वहीत तिन्ही पातळ्या एका खाली एक काढून दाखवल्या: विहिरीचा काठ, तांबडा थर, खाणीचा तळ. त्यांनी बराच वेळ वही पाहिली आणि विचारलं, "तळ ब्याण्णवलाच थांबलाय हे मला रोजच्या रोज कसं कळणार?" प्रश्न अगदी बरोबर होता. सर्व्हेयरने हद्दीच्या दोन दगडांवरही पातळी काढून रंगवली, म्हणजे लेव्हल ट्यूब आणि टेप घेऊन त्यांच्या मुकादमाला स्वतः तपासता येईल.

सुधारित आराखडा मंजूर होऊन महिन्याभरात परत आला. आदेशाच्या अटींत विहिरीची पाणीपातळी दरवर्षी मे आणि ऑक्टोबरमध्ये नोंदवायची, असंही आलं. ती पट्टेदाराने मोजायची आणि विहीरमालकाची सही घ्यायची. पहिल्या नोंदीवर, मेच्या ८.९ मीटरसमोर, आजींचा अंगठा आहे.