पाणी कुठे मुरतंय? घर घेण्याआधीची तपासणी

घर बघायला गेलं की नजर आधी उजेडाकडे, खोल्यांच्या आकाराकडे जाते. ते साहजिकच आहे. पण तपासणीसाठी जाल तेव्हा घराकडे पाण्याच्या बाजूने बघा. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठून बाहेर पडतं? सळ्यांचा गंज, फुगलेला गिलावा, कुजलेल्या चौकटी, वाळवी, खचलेला पाया, या सगळ्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा पाणीच सापडतं. म्हणून सुरुवात माथ्यावरून करायची आणि उतरत खाली यायचं. जमलं तर पाऊस पडून गेल्यावर दोन दिवसांच्या आत जा. कोरड्या दिवसांत लपलेलं बरंच काही तेव्हा उघडं पडतं.

सपाट गच्चीला दर मीटरला किमान १ सेंटीमीटर उतार हवा. पाणी निघून जाण्याच्या तोंडापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात बादलीभर पाणी ओता आणि ते कसं वाहतं ते बघा. मध्येच थबकलं तर तिथे डबकं साचतं, आणि जुन्या डबक्याच्या जागी सुकलेल्या गाळाची गोल रेघ आधीपासूनच दिसत असते. गच्ची आणि कठडा जिथे मिळतात तो कोपरा काटकोनात न ठेवता त्याला गोलाई दिलेली असावी, कारण भेगा तिथूनच सुरू होतात. स्लॅबमधून जिथे पाइप आरपार जातो, तिथलं सांधकाम बोटाने दाबून बघा. छप्पर उतरतं असेल तर लांबून आढ्याची रेघ सरळ आहे का ते पाहा. मग आतून, दिवे बंद करून, कुठे उजेडाची तिरीप येते का ते शोधा.

भिंतीवरची ओल नुसती 'ओल आहे' एवढ्यावर सोडू नका. ती कुठे आहे आणि केव्हा वाढते यावरून तिचं कारण कळतं. जोत्यापासून साधारण १ मीटरपर्यंत चढलेली, वरच्या कडेला पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, धरलेली ओल जमिनीतून वर येते. बाहेरच्या भिंतीवर खिडकीच्या कोपऱ्याशी असलेला, पावसानंतर वाढणारा डाग पावसाचा. पाऊस असो नसो, बारा महिने तसाच राहणारा ओला पट्टा पाइपचा किंवा पलीकडच्या न्हाणीघराचा. थंडीत कपाटामागे, कोपऱ्यात धरणारी काळी बुरशी बऱ्याचदा खोलीतल्याच दमट हवेची असते. चौघांचे उपाय वेगळे आहेत. जमिनीतून चढणाऱ्या ओलीवर पाणीरोधक रंग मारला तर ती थांबत नाही, बाहेर पडायला वाट न मिळाल्याने आणखी वर चढते. सगळं घर जुन्या रंगाचं आणि एकाच भिंतीला नवा रंग असेल, तर ती भिंत दुपटीने तपासा.

ओल मोजायचं यंत्र उपयोगी आहे, पण त्याच्या आकड्याला भुलू नये. लाकडात २० टक्क्यांच्या वर आकडा गेला की कुजण्याचा धोका सुरू होतो. गिलाव्यावर मात्र तो आकडा फक्त तुलनेपुरता असतो, कारण क्षार असतील तर भिंत वाळलेली असूनही तो चढतो. एकाच भिंतीवर पाच-सहा जागी मोजून फरक बघावा. उष्णतेचा कॅमेरा तर पाणी दाखवतच नाही, तो तापमानातला फरक दाखवतो. त्यात दिसलेला थंड डाग यंत्राने पडताळल्याशिवाय गळती मानू नका.

न्हाणीघराची खरी परीक्षा पाणी भरून ठेवण्याची. नहाणी ट्रॅपचं, म्हणजे जमिनीवरचं पाणी निघून जातं त्या जाळीचं, तोंड घट्ट बंद करायचं, जमिनीवर २ ते ३ सेंटीमीटर पाणी भरायचं, पातळीवर चिकटपट्टीची खूण करायची आणि २४ तास थांबायचं. मग खालच्या मजल्यावरचं छत बघायचं. दोन-चार मिलिमीटर पाणी आटणं बाष्पीभवनाचं असू शकतं, त्याहून जास्त उतरलं तर ते कुठेतरी गेलंय. विकणाऱ्याची आणि खालच्या शेजाऱ्यांची परवानगी आधीच घ्या. परवानगी मिळत नसेल तर निदान खालच्यांचं छत तरी बघून या. माझ्या मते संपूर्ण तपासणीत इतकी बोलकी दुसरी चाचणी नाही, आणि सगळ्यात जास्त वगळली जाते तीही हीच.

भेगांना लोक एक तर उगाच घाबरतात, नाही तर त्यांच्याकडे बघतच नाहीत. गिलाव्यावरच्या केसासारख्या, जाळीदार भेगा आकसण्याच्या असतात. बीम आणि वीटकाम मिळतात तिथली आडवी बारीक भेग दोन वेगळे पदार्थ वेगळे प्रसरण पावल्याची. जाडी बघायला बँकेचं कार्ड पुरतं, ते पाऊण मिलिमीटरचं असतं. कार्ड सहज आत जात असेल तर भेगेची नोंद करा. ५ मिलिमीटरच्या वरची, खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघणारी, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी उतरणारी किंवा एका टोकाला रुंद होत गेलेली भेग पाया हलल्याची खूण असू शकते. अशा वेळी शेजारच्या दाराची चौकट ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभी, आहे का बघा, दाराची वरची कड तासलेली आहे का बघा, जमिनीवर पाणसळ (स्पिरिट लेव्हल) ठेवा. तिन्ही एकाच बाजूला कललेलं सांगत असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कॉलमच्या कडेने उभी किंवा स्लॅबच्या खाली सळईच्या रेषेत जाणारी भेग वेगळी. तिच्याभोवती तपकिरी डाग असेल तर आत सळई गंजते आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोका, सुटलेल्या जागी आवाज पोकळ येतो. इंजिनिअर अशा जागी काँक्रीटचा ताजा तुकडा उघडा करून त्यावर फिनॉल्फथॅलिन नावाचं, अल्कधर्मी पदार्थावर गुलाबी होणारं रसायन फवारतात. गुलाबी झालं तर काँक्रीटचा अल्कधर्मी गुण शाबूत आहे आणि तोच सळईला गंजापासून वाचवतो. रंगच आला नाही तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो गुण संपवला आहे. बिनरंगी थर सळईपर्यंत पोचला असेल, तर वरवर गिलावा करून भागणार नाही.

नळांचं काम सोपं आहे. सगळे नळ बंद करून मीटर बघा, काटा हलत असेल तर गळती आहे. मग दोन नळ आणि फ्लश एकदम सोडून शॉवरची धार किती पडते ते बघा. पहिलं पाणी तपकिरी आलं तर लोखंडी पाइप आतून गंजले असण्याची शक्यता मोठी. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून वीस मिनिटं थांबा, भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर गेलाय, तो किरकोळ खर्च.

विजेत तारेची जाडी आणि एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, यांचा मेळ बघायचा. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेवर ३२ अँपिअरचा एमसीबी दिसला, तर सारखा पडतो म्हणून कुणीतरी मोठा बसवला असण्याची शक्यता जास्त. आता तार तापून तिचं आवरण वितळायला लागलं तरी तो पडणार नाही. माणसाच्या जिवासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे प्रवाह बाहेर गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, हवाच. त्याचं टेस्ट बटण दाबून बघा, पण ते बटण फक्त त्या उपकरणाची चाचणी घेतं. अर्थिंग आहे की नाही ते सॉकेट टेस्टर किंवा इलेक्ट्रिशियनच सांगेल. वाळवीसाठी चौकटींची तळाची वीतभर जागा स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा.

तपासणीस स्वतः निवडा, दलालाने सुचवलेला नको. इसार देण्याआधी तपासणी करा, किंवा तपासणीत मोठा दोष निघाला तर इसार परत मिळेल असं लेखी घ्या. तपासणीच्या वेळी त्याच्याबरोबर फिरा. तो भिंती फोडत नाही, जड कपाटं हलवत नाही. म्हणून काय बघता आलं नाही याचीही यादी अहवालात मागा. विकणाऱ्याने घर रिकामं केल्यावर, ताबा घेण्याआधी, ती यादी हातात धरून पुन्हा एक फेरी मारा. कपाटांच्या मागच्या भिंती तेव्हाच दिसतात.