एसडब्ल्यूआर १.२, तरी आवाज फाटका: केबलच्या लांबीचा माझा अनुभव

गुहागर तालुक्यात समुद्रापासून जेमतेम ३०० मीटरवर जांभ्याचं कौलारू घर. विहिरीमागे जीआय पाइप, त्यावर हॅम रेडिओच्या (हौशी बिनतारी संदेशवहनाच्या) दोन मीटर बँडचा ग्राउंड प्लेन अँटेना: एक उभी काडी आणि पायथ्याशी पसरलेल्या काड्या, म्हणजे रेडियल्स. ओटीवरच्या २५ वॅटच्या सेटपासून वरपर्यंत २५ मीटर आरजी-५८ केबल. मीटरवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप, १ म्हणजे काहीच नाही) १.२, म्हणजे कागदावर उत्तम. तरी समोरच्याला आवाज फाटका जायचा, आणि वर्षागणिक जास्तच.

अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे केबल अर्ध्या तरंगलांबीच्या पटीत कापून बघ. हिशोब सोपा आहे. १४५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी २.०७ मीटर, अर्धी १.०३. घट्ट पॉलिथिलीनच्या केबलमध्ये लहरीचा वेग मोकळ्या हवेतल्या वेगाच्या ०.६६ पट, म्हणून केबलवर अर्धी तरंगलांबी भरते ६८ सेंटिमीटर. या मापाच्या पटीत केबल असली की अँटेनाचा इम्पिडन्स (एसी करंटला होणारा विरोध, ओहममध्ये) खालच्या टोकाला जसाच्या तसा दिसतो, एवढं खरं. पण एसडब्ल्यूआर त्याने सुधारत नाही. ५० ओहमच्या केबलवर लांबीप्रमाणे बदलतो तो इम्पिडन्स. एसडब्ल्यूआर तोच राहतो, फक्त केबल जेवढं गिळते तेवढा तो खाली उतरलेला दिसतो. आमची गोम त्या गिळण्यातच होती.

कात्री न लावता आधी मोजायचं ठरवलं. नॅनोव्हीएनए (अँटेना आणि केबल मोजायचं छोटं उपकरण) १४० ते १५० मेगाहर्ट्झवर लावला. ओपन, शॉर्ट आणि ५० ओहम लोड ही तिन्ही कॅलिब्रेशनं जोडकेबल आणि अडॅप्टर लावून, त्यांच्या शेवटच्या टोकाशी केली. हे उपकरणाच्या तोंडाशी उरकून मग मीटरभर बारीक आरजी-१७४ मध्ये जोडली तर तिचे अंदाजे ०.३५ डेसिबल (शक्तीच्या घटीचं माप, ३ डेसिबल म्हणजे शक्ती निम्मी) फुकट मोठ्या केबलच्या नावावर चढतात. मग पाइपवर चढलेल्याला हाक दिली.

"भाऊ, वरची पिन सोडलीस का?"

"सोडली."

"अँटेनाला टेकलेली नाही ना?"

"हातात आहे माझ्या, दादा."

पडद्यावर १.५. अँटेनाच नाही, केबलचं टोक उघडं, आणि एसडब्ल्यूआर १.५!

उघड्या टोकावरून सगळी शक्ती परत फिरते, म्हणजे एसडब्ल्यूआर अनंत दिसायला हवा. तो कमी दिसतो कारण लहर जाताना एकदा झिजते आणि येताना पुन्हा. १.५ म्हणजे रिटर्न लॉस (परत आलेली लहर किती कमी झाली ते) १४ डेसिबल. त्याचे निम्मे ७, हा केबलचा एका दिशेचा लॉस. उघड्या टोकावर ३ दिसला तर केबल ३ डेसिबलची, १.९ दिसला तर ५ डेसिबलची. नव्या आरजी-५८ चा लॉस या फ्रिक्वेन्सीला १०० मीटरला साधारण २० डेसिबल, म्हणजे २५ मीटरला ५. वरचे २ पावसाळ्यांनी घातलेले. २५ वॅटमधले वर पोचत होते ५. १.२ मधून केबलचा वाटा वजा केला तर खुद्द अँटेनाचा एसडब्ल्यूआर निघतो २.७ च्या आसपास. त्यात रेडियल्सचे स्क्रू गंजून नुसत्या भुकटीवर टेकलेले सापडले. म्हणजे आजारी केबल आजारी अँटेनाला झाकत होती. टोकाला डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा ५० ओहमचा रोधक) लावून हे कधीच कळलं नसतं. लोडवर कुजकी केबलसुद्धा १.१ दाखवते.

वरचं टोक सोललं तर आतली तांब्याची जाळी काळी-हिरवी. दिव्याची वात तेल ओढते तशी जाळी पाणी ओढते. लखलखीत तांबं दिसेपर्यंत कापत गेलो, अडीच मीटर गेले. मग उरलेल्यावरही भरवसा ठेवला नाही.

लांबी कमी करायचा खरा उपाय इथे होता: सेट ओटीवरून मागच्या खोलीत हलवला. केबल २५ वरून १६ मीटरवर आली. सोबत आरजी-२१३ घेतली, हिचा लॉस १०० मीटरला साधारण ९ डेसिबल. १६ मीटरला १.४, म्हणजे वर १८ वॅट. ४० मीटर बँडवर मात्र मी हा खर्च केला नसता. ७ मेगाहर्ट्झला २५ मीटर चांगली आरजी-५८ एका डेसिबलच्या आसपासच खाते.

पीएल-२५९ (केबलच्या टोकाचा कनेक्टर) लावताना बाहेरची फिरती रिंग आधी केबलमध्ये ओवायची. डाग (सोल्डर) लागल्यावर ती टेबलावर दिसली की काय होतं, ते ज्याचं त्याला माहीत. जाळीला डाग द्यायला जाड टोकाची, ८०–१०० वॅटची सोल्डरिंग आयर्न हवी. बारीक आयर्न धरून बसलात तर आतलं पॉलिथिलीन वितळतं आणि मधली तार कडेला सरकते. मल्टिमीटरवर मधली तार आणि जाळी यांच्यात जोडणी दिसता कामा नये. आरजी-२१३ ची जाडी १०.३ मिलिमीटर, ती १० सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वळवू नये.

पीएल-२५९ मुळात पाणी अडवणारा कनेक्टर नाही. आधी पीव्हीसी टेपचा एक थर, म्हणजे पुढे सोलता येतं. त्यावर सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःशीच चिकटून एकजीव होणारी रबरी) टेप दुप्पट ताणून, खालून वर, कौलं चढवतात तशी. उन्हासाठी वर पुन्हा पीव्हीसी. भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली झोल दिला की पाणी तिथेच निथळतं.

जोडल्यावर एक चाचणी केली. मध्ये एक मीटरचा तुकडा वाढवून पाहिलं, आकडा हलला. केबल मुठीत धरली, तरी हलला. लांबी जादू करते असं वाटतं ते इथेच. खरं म्हणजे जाळीच्या बाहेरून करंट वाहतोय आणि केबलच अँटेनाचा भाग झाली आहे. अँटेनाच्या पायथ्याशी तो बाहेरचा करंट अडवायला पाच फेराइट चिमटे (मिक्स ४३ प्रकारचे) ओळीने लावले आणि हलणं थांबलं.

लांबी सेंटिमीटरपर्यंत पाळायची ती दोन अँटेना एकत्र जोडताना. तिथे ७५ ओहमचे पाव तरंगलांबीचे तुकडे लागतात: घट्ट पॉलिथिलीनची आरजी-५९ असेल तर ३४ सेंटिमीटर, पुरत नसेल तर तिप्पट १०२ किंवा पाचपट १७१, कनेक्टरची लांबी धरून. दोन बाजूंत १० सेंटिमीटरचा फरक पडला तर फेज, म्हणजे दोन लहरींचा मेळ, २६ अंशांनी सरकते. फोम केबल असेल तर ही मापं लागू नाहीत, तिचा वेग साधारण ०.८० च्या आसपास किंवा वर असतो.

रेडियल्स नव्या स्टेनलेस स्क्रूंनी बसवल्या. आता अँटेना जोडून मीटर १.३ दाखवतो, आधीपेक्षा वाईट! वरची पिन सोडून उघड्या टोकावर मात्र ६.२. हा आकडा तारखेसह सेटमागच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला आहे. पाऊस सरल्यावर तेच माप ४ वर आलं, तर केबलने पाऊण डेसिबलभर पाणी प्यायलं, असं धरून पहिली वरची टेप सोलायची.