पाहुणी म्हणून खेळलेले अठरा होल

या लेखात फोटो नाहीत आणि मी खेळले त्या गोल्फ मैदानाचं नावही नाही, हे आधीच सांगून टाकते. फोन लॉकरमध्ये ठेवूनच बाहेर पडायचं हा तिथला नियम, आणि क्लबचं नाव कुठे लिहू नये ही मला बोलावणाऱ्यांची विनंती. दोन्ही गोष्टी कबूल करूनच मी गेले होते.

खासगी गोल्फ क्लब साधारण दोन तऱ्हेचे असतात. काही ठिकाणी ठरावीक दिवशी बाहेरच्यांना पैसे भरून खेळता येतं. काही ठिकाणी मात्र खिशात कितीही पैसे असोत, सदस्याने बोलावल्याशिवाय आणि तो स्वतः बरोबर असल्याशिवाय पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, पाऊल ठेवता येत नाही. हे मैदान त्या दुसऱ्या जातीचं. नुकतंच सुरू झालेलं, सदस्य अगदी मोजके, दिवसभरात बाहेर पडणारे गटही बोटांवर मोजण्याइतके. मला बोलावलं ते आमच्या जुन्या चौकडीतल्या ताईंनी. फोनवर एवढंच म्हणाल्या, "अगं, चालायची तयारी ठेवून ये. इथे गोल्फची गाडी मिळत नाही."

गाडी मिळत नाही म्हणजे खरंच मिळत नाही. फेअरवेवर, म्हणजे टीपासून पुढे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, बारीक पात्याचं फेस्क्यू गवत आहे. त्याला पाणी कमी लागतं, खत कमी लागतं, पण चाकांची वर्दळ अजिबात सोसत नाही. त्यामुळे सगळे चालतात आणि बॅग कॅडीच्या, म्हणजे सोबतच्या मदतनिसाच्या, खांद्यावर असते. पुढे चालताना लक्षात आलं, की चालण्यासाठीच हे मैदान आखलंय. एका ग्रीनवरून, म्हणजे चेंडू ज्या खळग्यात घालायचा त्याभोवतीच्या हिरवळीवरून, उतरलं की पुढची टी पंधरा-वीस पावलांवर. नव्या मैदानांत हे दुर्मिळ झालंय. बंगल्यांच्या रांगांमधून वाट काढत जाणारी मैदानं मी पुष्कळ खेळले आहे. तिथे दोन होलमधलं (टीपासून ग्रीनपर्यंतचा एक टप्पा म्हणजे होल) अंतर तोडण्यातच निम्मा उत्साह संपतो.

फाटकावर पाटी नाही. आत शिरल्यावर क्लबहाउसही चटकन दिसत नाही, कारण ते एका उंचवट्याच्या पोटाशी बसवलंय. दिसते ती जमीन. झाडं जवळजवळ नाहीतच. कुणी चादर झटकावी आणि ती तशीच थांबावी, अशा वळ्या पडलेल्या वाळूच्या टेकड्या, त्यांवर पिवळसर उंच गवत, आणि मधून वाट काढत गेलेले फेअरवे. समुद्र जवळपास कुठेही नाही, पण जमीन समुद्राकाठची वाटावी अशी.

गोल्फला वाळू का लागते, हे इथे पायांनाच कळतं. वाळूत पाणी थांबत नाही. पाऊस पडून गेला तरी जमीन थोड्या वेळात कडक होते, आणि कडक जमिनीवर चेंडू पडल्यावर घरंगळतो. चिकणमातीच्या मैदानावर चेंडू पडतो तिथेच रुतून बसतो. मग सगळा खेळ हवेतला होतो, आणि ज्याला चेंडू उंच व लांब मारता येतो तोच जिंकतो. जमीन खेळात उतरली की बाकीच्यांनाही मार्ग सापडतात. अमेरिकेत नेब्रास्कामधल्या वाळूच्या टेकड्यांमध्ये बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी १९९५ मध्ये 'सँड हिल्स' हे खासगी मैदान केलं. वस्तीपासून इतकं दूर, तरी लोक तिथवर जायला तयार असतात हे तिथे सिद्ध झालं. चांगली जमीन असेल तर माती फार हलवू नये, हा धडाही पुढच्या अनेकांनी तिथूनच घेतला. मी खेळले ते मैदान त्याच विचाराचं.

आम्ही मॅच प्ले खेळायचं ठरवलं. एकूण फटके मोजायचे नाहीत, प्रत्येक होल वेगळा जिंकायचा किंवा हरायचा. ताईंचा हँडिकॅप माझ्यापेक्षा बराच कमी, म्हणजे त्या माझ्याहून सरस, त्यामुळे अवघड होलवर मला एकेक फटका सूट.

पहिल्याच टीवर उभी राहिले आणि फेअरवेची रुंदी बघून थक्क झाले. डावीकडे मारा, उजवीकडे मारा, चेंडू सापडणारच. पण माझा कॅडी, विशीतला शांत मुलगा, म्हणाला, "मॅडम, उजवीकडून सोपं वाटेल. पण ग्रीनचं तोंड डावीकडे आहे." डावीकडे जायचं तर एका बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्याच्या, जवळून जावं लागत होतं. मी सोपी बाजू घेतली आणि दुसऱ्या फटक्याला समोर ग्रीनचा उंच खांदा आला. चेंडू थांबवायला जागाच नव्हती. ताई बंकरला खेटून गेल्या होत्या, त्यांच्यापुढे ग्रीन पूर्ण उघडा. होल त्यांचा. रुंद फेअरवेचा अर्थ असा असतो. कुणाचा चेंडू हरवत नाही, पण योग्य जागी उभं राहायचं बक्षीस मोठं असतं.

पुढच्या टींबद्दल, म्हणजे कमी अंतरावरून खेळणाऱ्यांसाठी पुढे ठेवलेल्या टींबद्दल, थोडं सविस्तर लिहायलाच हवं. बऱ्याच मैदानांवर बायकांच्या आणि वयस्कर खेळाडूंच्या टी मागाहून आठवण झाल्यासारख्या फेअरवेच्या एका कडेला टेकवलेल्या असतात. अंतर कमी केलं की झालं, असा हिशेब. इथे तसं नाही. मागून खेळणाऱ्याला दरी ओलांडायचा जो निर्णय घ्यावा लागतो, तोच निर्णय माझ्या टीवरून माझ्या ताकदीच्या मापाने मलाही घ्यावा लागत होता. पाचव्या होलवर आडवी येणारी वाळूची पट्टी माझ्या चांगल्या ड्राइव्हच्या (टीवरच्या लांब फटक्याच्या) अगदी टोकावर येत होती. इतक्या विचाराने कुणीतरी माझा फटका धरून मैदान आखलंय, हे बघून मला मनापासून आनंद झाला.

दारावर 'खासगी' लिहिलं की एका बाईच्या मनात काय येतं, तेही सांगते. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल क्लबने पहिल्या दोन महिला सदस्य घेतल्या त्या २०१२ मध्ये. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने महिलांना प्रवेश द्यायचं ठरवलं २०१४ मध्ये. तिथल्याच म्युअरफिल्ड क्लबने २०१६ मध्ये असा प्रस्ताव फेटाळला आणि २०१७ मध्ये पुन्हा मतदान घेऊन तो मान्य केला. हा काही फार जुना इतिहास नाही. इथे ताई स्वतःच्या नावाने सदस्य आहेत, आणि लॉकर रूमपासून शेवटच्या ग्रीनपर्यंत कुणी 'तुमचे मिस्टर कुठे आहेत' असं विचारलं नाही. नवा क्लब असण्याचा हा फायदा मला कडक फेअरवेइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आता सातव्या होलकडे येते. इथवर यायला मी या एकाच होलसाठीही तयार झाले असते.

पार तीन, म्हणजे तीन फटक्यांत संपवणं अपेक्षित, माझ्या टीवरून साधारण १५० यार्ड. ग्रीन तिरका बसवलेला, उजव्या पुढच्या कोपऱ्याकडून डाव्या मागच्या कोपऱ्याकडे उतरत जाणारा, आणि डाव्या पुढच्या बाजूला खोल बंकर. गोल्फ वाचणाऱ्यांनी ओळखलं असेल, हा रेडान. स्कॉटलंडमध्ये नॉर्थ बेरिकच्या वेस्ट लिंक्सचा पंधरावा होल हा मूळचा. क्रिमियन युद्धातल्या एका तटबंदीवरून त्याला हे नाव पडलं. मैदानं आखणारे चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्ड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत लाँग आयलंडवर 'नॅशनल गोल्फ लिंक्स ऑफ अमेरिका' उभारताना तोच नमुना चौथ्या होलला वापरला. तेव्हापासून जगभर त्याची रूपं तयार होत आली आहेत. मी पुस्तकांतल्या आकृत्यांमध्ये तो किती वेळा न्याहाळला असेल. प्रत्यक्षात आज समोर होता.

पिन, म्हणजे खळग्यातला झेंड्याचा खांब, डाव्या मागच्या कोपऱ्यात, बंकरच्या बरोबर मागे. मी पिनकडे बघत होते. कॅडीने बोट उजवीकडे केलं. "पिन विसरा. ग्रीनच्या अलीकडे, उजवीकडे तो उंचवटा दिसतोय? त्याच्या डाव्या उतारावर चेंडू टाका. पुढचं काम जमीन करेल." वारा उजवीकडून, हलका. मी हायब्रिड नावाचा क्लब (गोल्फची काठी) घेतला आणि नेहमीपेक्षा जरा खालून, कमी उंचीचा फटका मारला. चेंडू उंचवट्याच्या अलीकडे पडला, एकदा उसळला, डावीकडे वळला आणि ग्रीनच्या उतारावर लागला. मग तो घरंगळतच राहिला. आधी भरभर, मग सावकाश, बंकरच्या वरच्या काठाच्या मागून दिसेनासा झाला आणि पुन्हा दिसला. ताई मोठ्याने म्हणाल्या, "अगं, अजून चाललाय बघ!" थांबला तेव्हा पिनपासून चार-पाच पावलांवर होता. हवेतून थेट पिनवर मारलेला ताईंचा सुंदर उंच फटका ग्रीनवर आपटून मागे निघून गेला. माझे दोन पट, म्हणजे ग्रीनवरचे हलके फटके, पार, होल माझा. चेंडू हवेत होता त्याहून जास्त वेळ जमिनीवर होता, आणि तो सगळा वेळ बघत उभं राहण्यात जे सुख आहे, ते कुठल्याही लांब ड्राइव्हमध्ये नाही.

नवव्या ग्रीनजवळ मैदानाची देखभाल करणाऱ्या प्रमुख बाई भेटल्या. त्यांच्या हातात ग्रीनचा वेग मोजायचा स्टिम्पमीटर होता. १९३५ च्या यूएस ओपन स्पर्धेत ओकमाँट मैदानाच्या ग्रीनचा वेग बघून एडवर्ड स्टिम्पसन यांना हे साधन सुचलं. आजचं रूप म्हणजे ३६ इंची ॲल्युमिनियमची पट्टी, मधून खोबण. पट्टीवरच्या खाचेत चेंडू ठेवायचा, टोक सावकाश उचलायचं, साधारण २० अंशांना चेंडू आपोआप सुटतो. तो किती फूट गेला, ते मोजायचं. मग उलट्या दिशेने पुन्हा, आणि सरासरी. त्या दिवशी आकडा दहाच्या आसपास होता. मी म्हटलं, नव्या आलिशान क्लबांत तर बारा-तेराच्या गोष्टी ऐकू येतात. त्यांनी ग्रीनच्या मधल्या मोठ्या वळीकडे हात केला. इतका उतार ठेवायचा तर वेग आवरावा लागतो, नाहीतर पिन लावायला जागाच उरत नाही, वेग वाढवत गेलं की ग्रीन सपाट करत जावे लागतात. त्यांना उतार हवा होता. मलाही तोच हवा असतो.

त्यांच्याकडूनच दुसरी एक गोष्ट नीट समजली. माझा वेजचा (चेंडू उंच उडवणाऱ्या काठीचा) फटका ग्रीनवर पडून जो खण्णकन उसळत होता, त्याचं कारण नवेपणा. गवत वाढतं तसा मुळांशी वाळलेल्या काड्यामुळांचा थर साचतो आणि तो चेंडू झेलतो. नव्या ग्रीनमध्ये तो थर जेमतेम असतो. खाली तर वाळूच. एरवी ग्रीन बांधताना चार इंच खडीवर बारा इंच वाळूचं मिश्रण अंथरायची पद्धत आहे, इथे मूळ जमीनच वाळूची असल्याने खडीची गरज पडली नाही. त्यांनी गुडघे टेकून गवत बोटांनी बाजूला सारून दाखवलं. दोन पात्यांमध्ये वाळूचे कण उघडे दिसत होते. काही वर्षांनी ते दिसणार नाहीत.

दहावा आणि अकरावा वाऱ्याच्या दिशेने, लांब, सरळ. चांगले आहेत, पण आठवणीत राहिले नाहीत. बाराव्याने मात्र पक्कं फसवलं. बंकर ग्रीनला चिकटून असल्यासारखा दिसला म्हणून तो ओलांडायला मी एक पायरी लांब मारणारी काठी घेतली, आणि जवळ गेल्यावर बघते तर बंकर आणि ग्रीनच्या मध्ये तीसेक पावलांचा मोकळा पट्टा. ही युक्ती जुनी. ऑगस्टाच्या आखणीत गोल्फपटू बॉबी जोन्स यांच्याबरोबर असलेले ॲलिस्टर मॅकेंझी पेशाने डॉक्टर. बोअर युद्धात त्यांनी सैनिक जमिनीत कसे लपतात ते पाहिलं, आणि तीच नजर पुढे मैदानं आखताना वापरली.

मला खटकलेली गोष्ट इथेच लिहायला हवी. या मैदानाची सगळी बुद्धी साध्या खेळाडूला सामावून घेण्यात खर्च झाली आहे. रुंद फेअरवे, जमिनीवरून आत जायच्या वाटा, नीट बसवलेल्या पुढच्या टी. नवशिका, पंच्याहत्तरीचा माणूस, दहा वर्षांची मुलगी, सगळ्यांना इथे मजा येईल. आणि नेमके तेच लोक इथे कधी येणार नाहीत. सेंट अँड्रूजचं ओल्ड कोर्स हे मैदान सार्वजनिक जमिनीवर आहे. रविवारी तिथे सहसा खेळ बंद असतो आणि गावातले लोक फेअरवेवरून फिरतात. खासगी क्लबला त्याचे नियम ठरवायचा हक्क आहे हे मला मान्य आहे. तरी वर्षातले काही दिवस शाळकरी मुलांसाठी दार उघडलं, तर इथलं काहीही कमी होणार नाही. हे मी ताईंना तिथेच बोलले. त्या म्हणाल्या, सभेत मांडते.

सतराव्यावर सामना संपला. ग्रीनच्या बाहेरून, पिन जागेवरच ठेवून, ताईंनी पटरने (पट मारायच्या काठीने) उतारावर सोडलेला चेंडू आत गेला. २०१९ च्या नियमांपासून ग्रीनवरही पिन न काढता पट करता येतो, पण ताई पूर्वीपासूनच असे फटके ग्रीनबाहेरून मारतात. अठरावा आम्ही हिशेबाशिवाय खेळलो.

ज्यांना असं निमंत्रण येणार नाही, म्हणजे आपल्यापैकी जवळजवळ सगळ्यांना, त्यांच्यासाठी. मूळ रेडान बघायचा असेल तर नॉर्थ बेरिकच्या वेस्ट लिंक्सवर पाहुण्यांना खेळता येतं. वाळूवरची नवी मैदानं हवी असतील तर अमेरिकेत ऑरेगनच्या किनाऱ्यावर १९९९ पासून सुरू असलेलं बँडन ड्यून्स सर्वांना खुलं आहे. तिथेही गाडी नाही, चालायचं. त्यातलं २०१० चं 'ओल्ड मॅकडोनाल्ड' हे मैदान मॅकडोनाल्ड यांच्या नमुन्यांवरच बेतलंय आणि त्याचा बारावा होल रेडान आहे. ऑस्ट्रेलियात टास्मानियातलं बार्नबूगलही बाहेरच्यांना मिळतं. या ठिकाणी जागा खूप आधी भरतात, तेव्हा तारखा ठरल्या की लगेच नोंदवा, आणि कॅडी घ्याच. उंचवटा कुठला ते त्यालाच ठाऊक असतं.