बंड्याच्या पायावर छातीची कातडी

गाडीखाली सापडून आमच्या कुत्र्याचं, बंड्याचं, हाड वाचलं, पण पुढच्या उजव्या पायाची कातडी मोजा ओढून काढावा तशी सोलून निघाली. टाके घालतील, महिन्याभरात पळायला लागेल, असं मी धरून चाललो होतो. डॉक्टर म्हणाल्या, "टाक्यांना कातडी तर हवी ना! धडावर चिमटीत धरून ओढाल तेवढी सैल असते. पायावर जादाची नसतेच."

मग आजच ग्राफ्ट करा, म्हणजे दुसरीकडची कातडी काढून इथं लावा, म्हटलं. तेही नाही. मळक्या, ताज्या जखमेवर ग्राफ्ट धरत नाही. आधी तळ लाल, दाणेदार मांसानं भरून यायला हवा. त्यात जवळपास तीन आठवडे गेले. सुरुवातीला रोज, नंतर दिवसाआड ड्रेसिंग. खरं कंटाळवाणं काम हेच.

शस्त्रक्रियेचे फोटो मी नंतर पाहिले. छातीच्या बाजूची पूर्ण जाडीची कातडी काढून तिच्या आतली चरबी कात्रीनं इतकी साफ केली होती, की केसांची मुळं ठिपक्यांसारखी दिसत होती. चरबी राहिली तर खालून पोषण पोचत नाही. मग ब्लेडनं बारीक चिरा पाडून जाळी केली, म्हणजे खालचा पाझर साचून कातडी उचलली जात नाही. केस खाली वळतील अशी दिशाही जुळवली होती. छातीवरची जागा सरळ टाके घालून मिटली.

त्यानंतर पाय हलू नये म्हणून स्प्लिंट, जाड बँडेज, तोंड पायापर्यंत पोचू नये म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर. तीन दिवस पट्टी उघडायची नाही. ग्राफ्टला तेव्हा स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले दोनेक दिवस ती खालच्या द्रवावर तग धरते, मग तिथल्या केशवाहिन्या तिच्यातल्या वाहिन्यांना जुळू लागतात. जरा सरकली की तेवढं जुळलेलं तुटतं. हे सगळं मला सांगितलेलं असूनही दुसऱ्या रात्री त्याची केविलवाणी नजर बघून मी कॉलर काढली. दहा मिनिटांत त्यानं बँडेजची कड कुरतडली.

चौथ्या दिवशी पट्टी सुटली आणि माझे हातपाय गळाले. कातडी जांभळी-निळी! "गेली ना?" मी विचारलं. डॉक्टर शांत. रक्त आत येऊ लागतं, पण परतीची वाट अजून नीट उघडलेली नसते, म्हणून या दिवसांत असा रंग दिसतो. काळी पडून कडक झाली तर मेली समजायची. आठव्या दिवशी ती गुलाबी होती. फक्त नखाएवढा एक कोपरा काळा पडला, नेमका कुरतडलेल्या कडेचा. डॉक्टरांनी तो कापला, माझ्याकडे बघितलं, बोलल्या मात्र काही नाहीत. तेवढी जागा कडेनं आपोआप भरली.

चौदाव्या दिवशी टाके निघाले. पुढं केसही आले, पण छातीवरचे, म्हणून त्या पायाला आता एका बाजूनं लांब झालर आहे. चिखलातून आला की तोच पाय पुसायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.