वाऱ्याने अडवलेला दिवस

आज मुक्काम हलला नाही. पहाटे तंबूच्या कापडाची फडफड ऐकूनच अंदाज आला होता. काठावर जाऊन पाहिले, तर तलावाच्या मध्यावर फेसाळ लाटा उठलेल्या. सामानाने भरलेल्या कनूची, म्हणजे वल्ह्यांनी चालवायच्या अरुंद, हलक्या होडीची, कड पाण्यापासून जेमतेम वीतभर वर राहते, त्यामुळे अशा पाण्यात उतरण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही न्याहारीच्या वेळी वाद झालाच. एकाचे म्हणणे असे, की बेटाच्या आडोशाने आणि मग काठाकाठाने गेलो, तर दुपारपर्यंत पुढचा तलाव गाठता येईल. दुसऱ्याने काही न बोलता नकाशा उलगडला आणि शेवटच्या उघड्या, आडोसा नसलेल्या पाण्याच्या पट्ट्यावर बोट ठेवले. विषय तिथेच मिटला.

बाउंड्री वॉटर्सचा हा प्रदेश अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून पसरलेला आहे. सुमारे अकरा लाख एकर जंगल आणि त्यात हजाराहून अधिक तलाव. १९६४ च्या कायद्याने त्याला राखीव रानाचा दर्जा मिळाला आणि १९७८ च्या कायद्याने मोटारबोटींवरचे निर्बंध आणखी कडक केले, म्हणून आज इथल्या बहुतेक तलावांवर वल्ह्यांशिवाय दुसरे साधन चालत नाही. एका गटात नऊपेक्षा अधिक माणसे नकोत, चारपेक्षा अधिक होड्या नकोत, खाण्यापिण्याचे पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या नकोत, आणि मुक्काम लोखंडी शेगडी बसवलेल्या नेमलेल्या जागीच करायचा. मला यातला एकही नियम जाचक वाटत नाही. खरे तर गर्दी नियमांपेक्षा पायवाटाच अडवतात. एका तलावातून दुसऱ्यात जायचे तर कनू उलटी करून खांद्यांवर घ्यायची आणि चिखल, मुळे, डास यांतून चालत सुटायचे. या वाटांची लांबी अजूनही ‘रॉड’मध्ये मोजतात, एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळजवळ कनूएवढाच. शंभर रॉडची वाट म्हणजे अर्धा किलोमीटर, हे ऐकायला फार वाटत नाही. पण सामान दोन खेपांत न्यायचे असेल, तर तीच वाट तीनदा तुडवावी लागते आणि अर्ध्याचे दीड किलोमीटर होतात. काल हा हिशेब सगळ्यांच्या खांद्यांना नीट कळला, त्यामुळे आजच्या सक्तीच्या विश्रांतीबद्दल उघड तक्रार कोणी केली नाही.

दुपारी मात्र त्याच वाऱ्याने आमची सोय केली. आम्हांला हवा होता तो वॉलआय मासा. त्याच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो, म्हणून त्याला अंधुक उजेडात चांगले दिसते, आणि लख्ख उन्हात स्वच्छ पाण्यावर तो सहसा खोल जाऊन बसतो. एरवी संध्याकाळची वाट पाहावी लागते. पण पाण्यावर लाटा असल्या की ऊन विखुरते, खाली उजेड कमी पोहोचतो आणि मासा भरदिवसाही चरायला निघतो. तेव्हा होडी न काढता आम्ही वाऱ्याच्या तोंडावरच्या खडकाळ टोकावर जाऊन बसलो, जिथे इतर कोणत्याही कारणासाठी कोणी बसले नसते.

आमिष म्हणून जळवा आणल्या होत्या. जळू हाताळणे हे काही सुखाचे काम नाही: ती बोटाला चिकटते, सोडवावी तर दुसऱ्या बोटाला चिकटते, आणि तिच्या जाड टोकाच्या चकतीतून गळ ओवला की आकसून गोळा होते. पाण्यात पडल्यावर मात्र ती लांब होते आणि काळ्या फितीसारखी लहरत जाते. गळाला शिशाऐवजी कथलाचे वजन लावले होते. लून पक्षी तळाचे खडे गिळतात आणि त्यांबरोबर शिशाचा तुकडा पोटात गेला तर विषबाधेने मरतात. एवढ्या साध्या बदलाने ते टळत असेल, तर शिसे वापरण्याला मला काहीच कारण दिसत नाही.

वॉलआय बहुधा हिसका देत नाही. दोरी अचानक जड होते, गवतात अडकल्यासारखी, आणि गवत समजून ओढू लागावे तर ते गवत मान हलवते. माझ्या गळाला दोन लागले, मित्रांच्या गळाला त्याहून बरे. एकाने मात्र पाईक नावाचा दुसराच मासा काढला, आणि त्यावर पुन्हा वाद. पाईकच्या मांसात इंग्रजी वाय अक्षरासारखे दुबेळके काटे असतात. ते काढण्याचे कसब हाताला नसेल, तर जेवणाचा निम्मा वेळ बोटे तोंडातच राहतात. पकडणाऱ्याने ते काम स्वतः पत्करले, म्हणून मासा ठेवला. साफसफाई आम्ही मुक्कामापासून आणि पाण्यापासून बरीच दूर, रानात केली, कारण आतड्यांच्या वासाने अस्वलाला बोलावणे धाडण्याची कोणाचीच तयारी नव्हती. उरलेले सगळे खाद्यसामान दोरीने झाडावर चढवले. पहिली फांदी मोडली, दुसरी टिकली.

वारा सूर्यास्ताबरोबर उतरू लागला आहे. उद्या उजाडताच निघायचे ठरले आहे, म्हणजे तो पुन्हा उठण्यापूर्वी उघडा पट्टा पार होईल. समोरून वारा आलाच, तर जड पिशव्या पुढच्या बाजूला ठेवायच्या, नाहीतर नाक हलके होऊन होडी फिरत राहते. मागे बसून दिशा कोण सांभाळणार, हे अजून ठरलेले नाही. दोघे दावेदार आहेत आणि दोघांनाही दुसऱ्याचे वल्हवणे पसंत नाही.