एक भागिले सात

1979 साल. आठवी 'ब'च्या मागच्या बाकावर मी मैत्रिणीशी फुली-गोळा खेळत होते आणि गणिताच्या सरांनी ते पाहिलं. छडी उचलली नाही. फळ्याकडे बोट करून म्हणाले, "एकाला सातने भाग. दशांशचिन्हापुढे तीस घरं झाल्याशिवाय बसायचं नाही."

वर्ग खुदखुदला. मी खडू घेतला. 142857, मग पुन्हा 142857. तिसऱ्यांदा 14 लिहिताना हात थांबला.

"सर, तेच तेच येतंय."

"का येतंय ते सांग, नि बस."

ते सांगता येईना. सरही सांगेनात (त्यांची ही सवय तेव्हा फार खुपायची). एवढंच म्हणाले, "वर काय लिहितेस ते सोड. खाली बाकी काय उरते बघ."

बाक्या होत्या 3, 2, 6, 4, 5, 1. सातने भागल्यावर बाकी सातापेक्षा लहानच असणार. शून्य तर येत नाही, म्हणजे राहिल्या सहाच. त्या सगळ्या येऊन गेल्यावर सातव्या खेपेला नवीन आणणार कुठून? जुनी बाकी आली की पुढचं रामायण पहिल्यापासून! दोनाला सातने भागायचं तर नवी मांडणीसुद्धा नको. जिथे बाकी 2 उरली तिथून वाचत सुटायचं, 285714. म्हणून तर 142857 ला तिनाने गुणलं की 428571, चाराने 571428, पाचाने 714285, सहाने 857142. सहा अंकांची फुगडीच. सातने गुणलं की खेळ खलास, 999999.

मी बसले, पण घरी जाऊन पाटीभर गुणाकार केले.

दुसऱ्या दिवशी सरांनी त्याच संख्येचा वर्ग करायला लावला. आला 20408122449. "आता शेवटचे सहा अंक तोड, आणि दोन्ही तुकड्यांची बेरीज कर." 20408 अधिक 122449, पुन्हा 142857! अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात, आणि हे द. रा. कापरेकर म्हणजे देवळालीच्या शाळेतले मास्तर, हे त्या तासाला कळलं. गणितातले शोध विलायतेत लागतात असा आमचा पक्का समज होता. 142857 च्या अंकांची बेरीज 27, आणि 27 ने तिला नि:शेष भाग जातो. असा गुण असलेल्या संख्यांना 'हर्षद' हे नावही कापरेकरांचंच.

माझा तोरा मात्र फार टिकला नाही. भाजक म्हणून कुठलीही मूळ संख्या घ्या, अशीच फुगडी होते, असं मी ठोकून दिलं. सर म्हणाले, "तेराने भाग." बाक्या बारा असायला हव्यात, पण सहांतच गाडी माघारी. 076923. दोनाला तेराने भागलं तर अंक भलतेच, 153846. सतराने मात्र लाज राखली, पूर्ण सोळा अंक: 0588235294117647. पहिल्या खेपेला माझा दहावा अंक चुकला होता, तो सरांनी लाल शाईने गोल केला.

"असे भाजक एकूण किती?" हा त्यांचा शेवटचा प्रश्न. शंभराच्या आत मला नऊ सापडले, 7 पासून 97 पर्यंत. वही दाखवली तर म्हणाले, "पुढे?"

पुढे एम.एस्सी.ला कळलं की असे भाजक अनंत आहेत हा एमिल आर्टिन यांचा 1927 सालचा अंदाज आहे, आणि तो अजून कुणाला सिद्ध करता आलेला नाही. सरांना हे ठाऊक होतं का, ते विचारायचं राहून गेलं.