गोळ्यांना पैसे आहेत, माणसांना नाहीत

परदेशी मदत आटली की सगळे एकच विचारतात, आता एचआयव्हीच्या गोळ्या बंद होणार का? प्रश्न रास्त आहे, पण मला तो अर्धाच वाटतो. आफ्रिकेतल्या मलावी या देशाचं बघा ना.

तिथे मोठ्या माणसांत शंभरातल्या साधारण सात जणांना एचआयव्ही आहे, देश जगातल्या अगदी गरीब देशांपैकी, आणि या आजारावरचा बहुतेक खर्च बाहेरच्या पैशातून होतो. ढोबळ मानाने गोळ्या ग्लोबल फंडाच्या (अनेक देशांच्या देणग्यांवर चालणारा आंतरराष्ट्रीय निधी), आणि टेस्ट करणारे, समुपदेशक, डेटा क्लार्क यातले बरेचसे लोक पेपफार या अमेरिकेच्या एचआयव्ही मदत कार्यक्रमाच्या पैशावर. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्पनी परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवली, मग जीव वाचवणाऱ्या उपचारांना सूट दिली, म्हणजे कागदावर गोळ्या चालूच, आणि जुलै उजाडेपर्यंत यूएसएड, म्हणजे परदेशी मदत देणारी अमेरिकेची सरकारी संस्थाच गुंडाळली. या सगळ्यात कात्री लागली ती काम करणाऱ्या या माणसांना.

याचं मला जास्त वाईट वाटतं कारण पैसे कमी असताना आधी काय करायचं, हे याच देशाने एकदा स्वतःच्या डोक्याने ठरवून दाखवलंय. २०१० मध्ये डब्ल्यूएचओने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने, एचआयव्ही असलेल्या गरोदर बायकांसाठी ऑप्शन ए आणि ऑप्शन बी असे दोन पर्याय दिले होते. दोन्हीत आधी बाईचं सीडी४ (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) मोजायचं, कमी असेल तर आयुष्यभर औषध, नाहीतर बाळाला लागण होऊ नये एवढ्यापुरतंच. आता सीडी४ची मशीन मोजक्याच ठिकाणी, खेड्यातली बाई पोट घेऊन तिथवर कधी जाणार आणि रिपोर्ट कधी येणार? शिवाय एक मूल अंगावरचं सुटतंय न सुटतंय तोवर पुन्हा दिवस जातात, म्हणजे औषध चालू, बंद, परत चालू. मलावीने सरळ ठरवलं, गरोदर किंवा बाळाला पाजणारी बाई पॉझिटिव्ह निघाली की लगेच औषध सुरू, आयुष्यभर, सीडी४ची वाट बघायचीच नाही. २०११ पासून हे चालू झालं आणि नाव पडलं ऑप्शन बी प्लस. औषधाचा खर्च वाढणार हे माहीत असून केलं हं! २०११ च्या दुसऱ्या तिमाहीत अशा १,२५७ बायकांना औषध सुरू झालं होतं, २०१२ च्या तिसऱ्या तिमाहीत १०,६६३. डब्ल्यूएचओ २०१३ मध्ये त्याच वाटेवर आलं.

पण त्याच्यातच एक गोम होती. स्वतःच्या आजारपणामुळे औषध सुरू केलेल्या बायकांपेक्षा, गरोदरपणी सुरू केलेल्या बायका पहिल्या भेटीनंतर परत न येण्याचं प्रमाण पाचपट निघालं. साहजिकच आहे, बाई पोटातल्या बाळाची तपासणी करायला आली, तिला काही होत नाहीये, आणि त्याच दिवशी हातात आयुष्यभराच्या गोळ्या, घरी नवऱ्याला काय सांगायचं हेही ठरलेलं नाही. तिला परत आणायला गोळी कामाची नाही, तिच्याशी बसून बोलणारी बाई लागते, तारीख चुकली की शोधत घरी जाणारा माणूस लागतो. नेमकी हीच पदं बजेटमध्ये जास्तीची म्हणून दिसतात.

नमुन्यांचंही तेच. बाळाला लागण झालीय का हे बघायला त्याच्या टाचेतून थेंबभर रक्त कार्डावर घेऊन वाळवतात, ते कार्ड लॅबपर्यंत जायला हवं आणि रिपोर्ट परत यायला हवा, ते काम मोटरसायकलवाले करतात. (२०१६ मध्ये युनिसेफने मलावीच्या राजधानीत, लिलाँग्वेमध्ये, यासाठी ड्रोन उडवून बघितले तेव्हा बातम्याच बातम्या, मोटरसायकलच्या पेट्रोलची बातमी कोण करणार.)

खरं तर आता गोळी हीच स्वस्त गोष्ट झालीये. २००१ मध्ये सिप्ला या भारतीय औषध कंपनीने वर्षाला ३५० डॉलरमध्ये औषध देऊ म्हटलं तेव्हा खळबळ उडाली होती कारण तेव्हा खर्च दहा हजारांच्या वर जायचा, आणि २०२३ पासून ग्लोबल फंडाला रोजच्या एका गोळीचा वर्षाचा कोर्स ४५ डॉलरच्या आत मिळतोय. तेव्हा कपात करताना ‘गोळ्या वाचवल्या’ म्हणून पाठ थोपटून घेण्यात फार अर्थ नाही. मलावी सरकारकडे जो काही स्वतःचा पैसा असेल तो मी आधी या माणसांच्या पगाराला लावला असता, गोळ्यांसाठी देणगीदार त्यामानाने लवकर मिळतो, पगारासाठी कोणी उभं राहत नाही.

आता लेनाकॅपाविर येतंय, लागण होऊ नये म्हणून सहा महिन्यांतून एकदा इंजेक्शन, जेनेरिक २०२७ पासून वर्षाला ४० डॉलरच्या आसपास मिळेल असं जाहीर झालंय. भारीच गोष्ट आहे. फक्त ते निगेटिव्ह माणसालाच द्यायचं असतं, म्हणजे प्रत्येक वेळी आधी टेस्ट आली, आणि टेस्ट करणाऱ्यांनाच तर घरी बसवलंय.